सनमायकास, माझगावहून

प्रिय सनमायका,

माझगावात जुन्या चाळी पडताहेत, टॉवर उभे राहताहेत, त्यामुळे मला कामाला तोटा नाही. घराचा ताबा मिळाला की लोक आधी किचनचं बघतात. मी मापं घेते, ओट्याखालची आणि वरची कपाटं, ट्रॉल्या, सिलिंडरची जागा असं सगळं आखून देते आणि सुतारांकडून करून घेते. बोलणी फिनिशवर आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, काहीही चालेल, फक्त सनमायका नको." का नको म्हणून विचारलं तर धड उत्तर मिळत नाही. जुन्या खोलीत होता, म्हणून नव्या घरात नको, एवढंच. शोरूममध्येही तुझे नमुने मागच्या टेबलावर जाडजूड पुस्तकांत बांधलेले असतात आणि दर्शनी भागात, दिव्यांच्या झोतात, ॲक्रिलिकची नाहीतर पीयूची शटरं चमकत असतात.

पत्र तुला लिहिते आहे, पण ते चारचौघांनी वाचावं अशी इच्छा आहे. मुंबईच्या दमट, तेलकट, दाटीच्या स्वयंपाकघराला तुझ्याइतकं रास्त फिनिश अजून आलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि तुझ्या नावाने ज्या तक्रारी होतात त्यांतल्या बहुतेक तुझ्या पृष्ठभागाच्या नसतात, कडांच्या असतात.

तू यायच्या आधी काय होतं ते आज टॉवरमध्ये राहायला गेलेल्या कित्येकांनी लहानपणी पाहिलेलं आहे. इथल्याच ताडवाडीतल्या बीआयटी चाळींचं उदाहरण घे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बीआयटी, स्थापन झाला, त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाळी. एका खोलीत अख्खा संसार. कोपऱ्यात मोरी, तिच्या शेजारी कडाप्प्याचा ओटा, ओट्याखाली दोरीवर ओवलेला पडदा आणि पडद्याआड रॉकेलचा कॅन, कांद्या-बटाट्यांची टोपली, पिठाचे डबे. ज्यांची थोडी ऐपत त्यांच्याकडे जाळीचं दुभत्याचं कपाट, मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेलं. लाकडाला ऑइल पेंट. स्टोची काजळी आणि फोडणीचं उडालेलं तेल त्या रंगावर बसायचं आणि बघता बघता चिकटा धरायचा. गणपतीच्या आधी बायका सोड्याच्या गरम पाण्याने आणि सुरीच्या पाठीने तो खरवडायच्या. चिकट्याबरोबर रंगाचे पापुद्रेही निघायचे.

दुसरा पर्याय पॉलिशचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने थरावर थर देत लाकडात जिरवायची. बाहेरच्या खोलीत ते देखणं दिसतं, त्यात वाद नाही. स्वयंपाकघरात मात्र त्यावर गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग उमटलाच. ओला पेला रात्रभर राहिला तरी तेच. इथल्या मातारपाखाडीतल्या ईस्ट इंडियन समाजाच्या घरांचे लाकडी जिने आणि सज्जे आजही थांबून बघावेत असे आहेत, पण लाकूड असं राखायचं तर वरचेवर हात फिरवणारं माणूस लागतं. गोदीत पाळी करून आलेल्या माणसाच्या घरात ती सवड कुणाला होती?

अशा खोल्यांत तू आलास. रे रोडच्या वखारींकडून, मुस्तफा बाजारातून, हातगाडीवर नाहीतर हमालाच्या डोक्यावर. आठ बाय चारचा एक पत्रा, गुंडाळी करून सुतळीने बांधलेला. आधी ओट्याखालच्या पडद्याच्या जागी दोन दारं झाली, मग वर एक कपाट. ओल्या फडक्याने पुसलं की स्वच्छ. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिचं मोल कुणाच्या लक्षातच येत नाही. जेवणं आटोपल्यावर बाई जो वेळ घासण्यात घालवायची तो तू तिला परत दिलास, आणि त्यासाठी फार पैसेही मागितले नाहीस. घर सजवण्याची पुस्तकं तुझ्याविषयी लिहितात तेव्हा स्वस्त आणि टिकाऊ एवढे दोनच गुण मोजतात. बाईचा वाचलेला वेळ त्यांच्या हिशोबात कुठेच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा जन्म स्वयंपाकघरासाठी झालेला नव्हता. अमेरिकेत १९१२ मध्ये हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोघांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरता येईल असं, राळ मुरवलेल्या थरांचं इन्सुलेशन शोधून काढलं, आणि पुढच्याच वर्षी फॉर्मायका कंपनी सुरू झाली. रंगीत, नक्षीदार रूप तुला नंतर मिळालं. १९३६ मध्ये क्वीन मेरी हे प्रचंड जहाज प्रवासाला निघालं तेव्हा त्याच्या आतल्या सजावटीत तुझी जात वापरलेली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मेलामाइन राळ आली, आणि उष्णता, ओरखडे, डाग सोसण्याची ताकद तुझ्या पृष्ठभागात आली. आजही तू बनतोस तो तसाच: खाली फिनॉलच्या राळेत भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर, वर मेलामाइनमध्ये भिजवलेला छापील कागद, आणि हे सगळं गरम हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून एकजीव केलेलं. एकदा ती राळ पिकली की पुन्हा वितळत नाही. म्हणून तर गरम कढईच्या शेजारी तू शांत असतोस.

मुंबईशी तुझं नातं सागवानाच्या वाटेने येतं आणि ती वाट रत्नागिरीवरून जाते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये उभी राहिली. ब्रह्मदेशातल्या जंगलांतलं सागवान तोडून आणणं हा तिचा मोठा धंदा. लाकडाच्या मोजदादीवरून तिचा थिबा राजाच्या दरबाराशी तंटा झाला, दरबाराने जबर दंड ठोकला, आणि ते निमित्त धरून इंग्रजांनी १८८५ मध्ये युद्ध पुकारलं. राज्य गेलं. थिबाला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा बघायला आपली मुलं शाळेच्या सहलीतून जातात. पुढे याच बॉम्बे बर्मा कंपनीच्या पदरी 'सनमायका' हा ब्रँड कित्येक वर्षं होता. आता तो जपानी कंपनीकडे आहे. ज्या लाकडापायी एक राज्य बुडालं, त्याच्या रेघा छापलेला कागद त्याच कंपनीने घराघरांत पोचवला, आणि त्या रेघांसाठी सागाचं एकही झाड पडत नाही. 'नकली लाकूड' म्हणून तुझ्यापुढे नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता तुझ्या सोबत्यांविषयी, कारण लोक तुला त्यांच्याशी ताडून बघतात.

ॲक्रिलिकचं कौतुक मलाही आहे. एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर, ॲक्रिलिकचा पातळ पत्रा बसवतात, तोंड दिसेल अशी चमक येते, पाणी त्याला शिवत नाही, लहानसहान चरे घासून काढता येतात. पण ते चरे पडतात फार लवकर. हिरव्या घासणीचा एक हात पुरे. आणि मग बोलणी कुणाला बसतात? घरकामाला येणाऱ्या मावशींना. चारपाच घरची कामं उरकणाऱ्या बाईने एका घरापुरतं मऊ मायक्रोफायबरचं फडकं आणि वेगळा हात लावावा, ही अपेक्षाच मला पटत नाही. पुसणार कोण आणि कशाने, हे विचारल्याशिवाय मी कुणालाही ॲक्रिलिक सुचवत नाही.

मेम्ब्रेनबद्दल मला अधिक कडक बोलायचं आहे. एमडीएफच्या शटरवर यंत्राने नक्षी कोरतात आणि त्यावर पीव्हीसीची पातळ फिल्म गरम करून, हवा ओढून, बसवतात. नक्षीच्या खाचाखोचांत ती छान बसते, कडाही वेगळ्या लावाव्या लागत नाहीत. पण ती फिल्म उष्णतेनेच बसवलेली असते आणि उष्णतेनेच सुटते. साधारण ७० अंशांच्या आसपास ती आणि तिच्याखालचा गोंद ढिला पडायला लागतो. आपल्याकडे शेगडीवर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला कढई, आणि वाफ थेट वरच्या कपाटाच्या खालच्या कडेवर. इथल्याच एका घरात शोरूमने शेगडीच्या दोन्ही बाजूंना मेम्ब्रेनची शटरं दिली होती. पहिलाच पावसाळा उलटेपर्यंत कोपऱ्यातून फिल्म सुटून वर वळली. मालकीणबाईंनी ती सेलोटेपने चिकटवली होती. नव्या घराचं कर्ज फेडणाऱ्या बाईंना कपाटाला सेलोटेप लावावी लागते, याचा मला खरोखर संताप आला. अशा जागी मेम्ब्रेन देऊ नये हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाची, गोष्ट वेगळी. दिसायला ते सगळ्यांत सुंदर. सांधा नाही, कड नाही, हवा तो रंग, वाटलं तर गुळगुळीत, वाटलं तर मंद. आधी याच जागी ड्युको होता. मोटारींसाठी निघालेला फवारणीचा रंग, सुतारांच्या तोंडात अजून तेच नाव आहे. पीयूमध्ये रंगात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्यात आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. कारखान्यात त्यासाठी फवारणीची बंद खोली, हवा ओढणारे पंखे, योग्य मास्क हवेत. आणि होतं काय? टॉवरच्या एखाद्या मजल्यावर, धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद करून, तोंडाला रुमाल बांधून एक पोरगा फवारत असतो. मला पीयू हवं असेल तर मी ते कारखान्यातूनच करून आणते, महाग पडलं तरी. गिऱ्हाइकाला ते परवडत नसेल तर तुझं पुस्तक पुढे करते.

व्हेनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ काप, पाण्यापासून लांब ठेवायचं. लॅकर्ड काच पुसायला सोपी पण जड, बिजागरी दणकट लागते. स्टीलचं कपाट ज्यांना दिसायला चालतं त्यांनी बेलाशक करावं. वाळवीचा प्रश्नच मिटतो.

पण म्हणून तुझं सगळंच बरोबर असतं असं नाही, आणि इथे मला तुझ्याशी मोकळेपणी बोलायचं आहे. सिंकखालच्या शटरची खालची कड बघायला मी लोकांना जमिनीवर बसवते. उभ्याने ती दिसत नाही. ओट्यावरचं पाणी शटरवरून ओघळतं, तुझ्यावर त्याचा काही परिणाम होत नाही, ते सरळ खाली उतरतं आणि त्या कडेला थेंब होऊन लटकतं. पुसणाऱ्या हाताला ती कड दिसत नाही, म्हणून थेंब तिथेच राहतो. दुसरा येतो, तिसरा येतो. कडेची पट्टी नीट बसलेली असेल तर थेंब गळून जमिनीवर पडतो. केसाएवढी फट असेल तर आत शिरतो. आधी पट्टीचं टोक जरासं उचललं जातं. मग बोट फिरवलं की कडेलगत बारीक फुगवटा लागतो. आत एमडीएफ असेल तर तो पाण्याने फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. साधा प्लाय असेल तर थर सुटतात. त्या फुगवट्यावर तुझा पत्रा ताठ उभा राहतो, फाटत नाही, वाकत नाही, नुसता सुटतो. आणि बघणारा म्हणतो, सनमायका निघाला.

हे टाळता येतं. आत मरीन प्लाय हवा, निदान सिंकखाली आणि शेगडीखाली. आयएस ७१० हे त्याचं मानक आहे, त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत अशी कसोटी असते. जहाजं बांधणाऱ्या माझगाव डॉकच्या वस्तीत मरीन शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माणसं लगेच मान डोलावतात. अशा ओल्या जागी तुला चिकटवायला साधा पांढरा गोंद चालत नाही, पाण्यात टिकणारा वेगळा येतो, तो थोडा महाग असतो, आणि ठेकेदार नेमके तिथेच पैसे वाचवतो. चिकटवल्यावर रात्रभर भार ठेवावा लागतो. मी सकाळी साइटवर गेले आणि पत्र्यांवर सिमेंटच्या गोण्या दिसल्या नाहीत तर मला चैन पडत नाही. शटरच्या आतल्या बाजूलाही पातळ पत्रा, म्हणजे लायनर, लावायचाच. एकाच बाजूला तू असलास की पावसाळ्यात दोन्ही बाजू सारख्या ओल धरत नाहीत, शटरला बाक येतो, दार नीट लागत नाही.

आणि पट्टी. पूर्वी सुतार सागाची पट्टी लावायचे, कानशीने तुझी कड घासून, पट्टीला पॉलिश देऊन. आता पीव्हीसीची पट्टी येते. कारखान्यात ती यंत्रावर गरम गोंदाने दाबून लावतात, साइटवर सुतार हाताने रबरी गोंदाने लावतो. माझा अनुभव सांगायचा तर फरक दोन पावसाळ्यांत कळतो. म्हणून मी शटरं यंत्रावर पट्टी मारून आणते आणि साइटवर फक्त कपाटांची खोकी उभी करते. सुतारांना हे आधी आवडलं नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं, हातातलं काम जातं. पण बिजागऱ्या बसवणं, फटी सारख्या ठेवणं, वाकड्या भिंतीला कपाट सरळ लावणं हे काम हातानेच होतं आणि ते करणाऱ्याला मी जास्त मजुरी देते.

हळदीचं एक राहिलं. तुझ्या मंद, खरखरीत पोताच्या जाती आता फार चालतात, आणि फिकट रंगात त्यांवर हळदीचा डाग बसला की गृहिणी घाबरते. पोताच्या खळग्यांत रंग अडकतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून नुसतं ओलं फडकं फिरवून तो जात नाही. थेंबभर खोबरेल लावून पुसावं, मग साबणाच्या पाण्याने. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका होतो. शटर खिडकीकडे उघडं ठेवलं तरी पुरतं. ॲसिड लावू नये. शेगडीलगत मात्र गुळगुळीत जातच लावावी, पोत हौसेने वर, डोळ्यांसमोर.

दोन तक्रारी मात्र थेट तुझ्याकडेच आहेत. पहिली ही की तुझे रंग कायम राहत नाहीत. काही वर्षांनी एखादं शटर खराब झालं आणि तसाच पत्रा आणायला गेलं की मुस्तफा बाजारातला दुकानदार सांगतो, हा शेड बंद झाला. एका शटरसाठी बाई सगळं किचन बदलायला निघते. कंपन्यांनी निदान साधे पांढरे, राखाडी आणि चारदोन लाकडी शेड वीस वर्षं चालू ठेवावेत, एवढी मागणी अवास्तव नाही.

दुसरी तक्रार जास्त जड आहे. चाळ पाडतात तेव्हा सागवानी चौकटींना गिऱ्हाईक असतं, पितळी कड्यांना असतं, लोखंडाची तर दारुखान्यातले भंगारवाले वाट बघत असतात. जहाजं तोडून त्यातला खिळा न् खिळा विकत आलेल्या या भागात तुला मात्र कुणी विचारत नाही. तुझी राळ वितळत नाही, त्यामुळे तुला नव्याने ओतता येत नाही, आणि तुला जाळलं तर विषारी धूर होतो. तुझा टिकाऊपणाच इथे आडवा येतो. म्हणून मी आता जुनी कपाटं सरसकट फोडू देत नाही. खोकं शाबूत असेल तर ते ठेवते, फक्त शटरं बदलते. जुना पत्रा घट्ट बसलेला असेल तर तो घासून खरबरीत करून त्यावरच नवा चिकटवून घेते. काही मंडळींना नव्या घरात जुनं खोकं म्हणजे कमीपणा वाटतो, पण आत भरपूर डबे मावतात हे बघितल्यावर बहुतेक जण ऐकतात. जुन्या खोलीतला हिरवा पत्रा तसाच ठेवून त्याचं कपाट धुण्याच्या जागेत लावून घेणाऱ्या आजीही मला भेटल्या आहेत.

काम संपलं की मी तुझा एक उरलेला तुकडा मागच्या बाजूला शेडचा नंबर, कंपनीचं नाव आणि साल मार्करने लिहून सिंकखालच्या ट्रॉलीच्या मागे उभा करून ठेवते आणि मालकीणबाईंना तो दाखवून देते. शेड बंद झाला तरी जवळचा शोधायला नमुना हाताशी हवा.

तुझी,
माझगावची एक कारागीर